ब्रह्मदेशाच्या डोळ्यांनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो असा : परदेशांतले लोक आपल्या देशाकडे मित्र म्हणून, सोबती म्हणून कसे पाहतात? विषय मोठा आहे. वॉशिंग्टन, मॉस्को, पॅरिस अशी जगप्रदक्षिणा घालून तो तासाभरात उरकताही येईल. पण मग घरी जाताना आपल्या हाती वर्तमानपत्रांतल्या चार मथळ्यांखेरीज काही लागणार नाही. म्हणून आम्ही आज फार लांब जाणार नाही. या मंडपातून उठून भाट्याच्या खाडीकाठी उभे राहिले, की पलीकडे रत्नागिरीच्या उंचवट्यावर उतरत्या छपरांची जी जुनी इमारत आहे, तेथूनच आम्ही सुरुवात करणार आहोत.

थिबा पॅलेस आपणांस नवा नाही. पूल नव्हता तेव्हा तरीतून पलीकडे जाणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनाही तो ठाऊक होता. आपण त्याला थिबा राजाचा राजवाडा म्हणतो, पाहुणे आले की तिकडे नेतो, थिबा पॉइंटवर उभे राहून त्यांना खाडी, पूल आणि हे सुरूचे बन दाखवतो. बोलताना आपल्या स्वरात थोडा अभिमानही असतो. एक राजा आमच्या गावी राहून गेला, आम्ही त्याला सांभाळले, असे काहीतरी आपल्या मनात असते. आम्हांला आज एवढेच विचारावयाचे आहे की, त्या राजाच्या देशातला माणूस याच इमारतीपुढे उभा राहिला, तर त्याला काय दिसत असेल?

त्याला तुरुंग दिसतो. आणि तुरुंग म्हटला की पहारेकरी आलाच. तो पहारेकरी कोण होता, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही.

थिबाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण मित्र कोणाला म्हणावे हा प्रश्न त्याच्याही पुढे होता. इंग्रजांनी दोन लढायांत, १८२४–२६ व १८५२ साली, ब्रह्मदेशाचा सारा किनारा गिळला होता. उरलेल्या मुलखाचे राज्य मंडालेस होते. तेथे १८७८ साली थिबा गादीवर आला. तो काही आदर्श राजा नव्हता. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीच राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली, हे त्याच्या चाहत्यांनीही लपवू नये. पण इंग्रजांचा फास आवळत चालला आहे हे त्याला कळत होते, आणि त्याने जे केले ते कोणत्याही लहान राज्याने केले असते : दुसरा बलाढ्य मित्र शोधला. त्याचे वकील पॅरिसला गेले आणि जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्सशी तह झाला. कागदावर दोस्ती जमली.

त्याच वर्षी लाकडाच्या व्यापाराचे भांडण उपस्थित झाले. वरच्या ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांचा मक्ता एका इंग्रज कंपनीकडे होता. कंपनीने ओंडके दाखवले थोडे आणि नेले फार, असा ठपका ठेवून राजाच्या मंत्रिमंडळाने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. या कंपनीचे नाव बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. भांडवल इंग्रजांचे, नफा इंग्रजांचा, पण पाटीवर नाव आपल्या मुंबईचे. ब्रह्मी माणसाच्या शाळेतल्या इतिहासात मुंबई येते ती अशी.

ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्ट सुमारे दहा हजारांची फौज घेऊन आगबोटींतून इरावती नदी चढून आला. फ्रान्स कोठे होते? फ्रान्स जागचे हलले नाही. पंधरवड्यात लढाई संपली. सव्वीस वर्षांच्या राजाला आणि सुपयालत राणीला साध्या बैलगाड्यांत बसवून, दुतर्फा गुडघे टेकून बसलेल्या रयतेसमोरून नदीच्या धक्क्यावर नेले. ती बैलगाडी ब्रह्मी लोक आजही विसरलेले नाहीत. १ जानेवारी १८८६ रोजी त्यांचे राज्य खालसा होऊन हिंदुस्थानात सामील झाले. हिंदुस्थानात, ही गोष्ट लक्षात घ्यावी. स्वतंत्र वसाहत म्हणूनदेखील त्यांना ठेवले नाही. आपल्या देशाचा एक प्रांत म्हणून १ एप्रिल १९३७ पर्यंत तो देश कलकत्ता-दिल्लीहून चालवला गेला.

आणि त्या दहा हजारांच्या फौजेत निम्म्याहून अधिक शिपाई हिंदी होते. यावर आपले उत्तर तयार असते : आम्हीही गुलामच होतो, आमच्या शिपायाला कोण विचारतो? उत्तर खरे आहे. पण ज्याच्या दारात बंदूक घेऊन कोणी उभा राहिला, तो त्या बंदुकीमागचा माणूस पाहतो. त्या माणसाचा पगार कोण देतो ते तो मागाहून पाहतो, आणि पुष्कळदा पाहतच नाही.

एप्रिल १८८६ मध्ये राजाला रत्नागिरीस आणले. रत्नागिरीच का? कारण येथे आगगाडी नव्हती, पावसाळ्यात बंदर बंद, घाट अवघड. ब्रह्मी माणूस आणि फ्रेंच हेर दोघांनाही पोहोचण्यास कठीण. आपल्या गावाच्या ज्या गैरसोयीबद्दल आपण तीन पिढ्या कुरकुर केली, त्याच गैरसोयीमुळे ते पसंतीस उतरले. प्रथम भाड्याच्या बंगल्यांत आणि १९१०च्या नोव्हेंबरापासून या नव्या वाड्यात राजा राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. तीस वर्षे तो या समुद्राकडे पाहत होता. वाड्याच्या दारावर जे शिपाई उभे असत, ते आपल्याच मुंबई इलाख्यातले होते.

आता दुसरी बाजू पाहा. याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन कोठे गेले? मंडालेस. थिबाच्या जुन्या राजधानीत, त्याच्या किल्ल्याच्या आवारातल्या तुरुंगात. १९१०च्या ज्या नोव्हेंबरात थिबा खाडीवरच्या या नव्या कोठडीत राहावयास आला, त्याच महिन्यात लोकमान्यांनी मंडालेस गीतारहस्य लिहावयास घेतले. रत्नागिरीचा माणूस मंडालेत बंदिवान आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान! इंग्रजांनी ही अदलाबदल मुद्दाम जुळवली असे नाही. राज्य एकच असल्यामुळे त्यांना ती सहज साधली. पण तिचा परिणाम मोठा झाला. मंडाले म्हटले की मराठी माणसाला तुरुंग आठवतो, आणि रत्नागिरी म्हटले की ब्रह्मी माणसालाही तुरुंगच आठवतो. दोन शेजारी देशांची ओळख एकमेकांच्या कोठडीतून झाली.

या समदुःखातून मैत्री सहज उगवावयास हवी होती, असे आपणांस वाटेल. काही प्रमाणात ती उगवलीही. पण मध्ये एक मोठा अडसर होता, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, म्हणून आम्ही त्यावर थोडे रेंगाळणार आहोत.

राज्य एक झाल्यावर हिंदुस्थानातून ब्रह्मदेशात जाण्यास आडकाठी राहिली नाही. मद्रासेकडून, आंध्रातून, ओरिसा-बंगालमधून माणसे बोटी भरभरून गेली. गोदीत हमाल हिंदी, रस्ते झाडणारे हिंदी, कचेरीतले कारकून हिंदी, डॉक्टर हिंदी, पोलीस हिंदी. १९३१च्या शिरगणतीत खुद्द रंगून शहराच्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोक हिंदी निघाले. आपल्या मुंबईत भूमिपुत्र आणि परप्रांतीय यांवरून किती रणे माजली ती आपण पाहिली आहेत. मग स्वतःच्या राजधानीत स्वतःच अल्पसंख्य झालेल्या लोकांना काय वाटत असेल याची कल्पना मराठी माणसाला तरी अवघड जाऊ नये.

त्यातून सावकारी. तमिळनाडूतले चेट्टियार इरावतीच्या खोऱ्यात भातशेतीसाठी कर्ज देत. त्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. युरोपियन बँका ज्या शेतकऱ्याला दारात उभे करीत नसत, त्याला चेट्टियाराने पैसा दिला. त्या पैशावर दलदलीचा मुलूख तांदळाचे कोठार झाला. चेट्टियाराला जमीन नको होती, त्याला व्याज हवे होते. पण १९३० साली जगभर मंदी आली, भाताचा भाव कोसळला, कर्ज फिटेना, आणि गहाण जमिनी आपोआप सावकाराकडे आल्या. भाताच्या मुख्य तेरा जिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांकडे शेकडा सहा जमीन होती, ती १९३८ पर्यंत शेकडा पंचवीस झाली. आठ वर्षांत चौथा हिस्सा!

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरांत खोतीच्या गोष्टी अजून सांगितल्या जात असतील. आपण कुळांचे मायबाप आहोत, अडीनडीला आपणच दाणे देतो, असे खोताला मनापासून वाटत असे. कुळाला काय वाटत असे, ते कुळाला विचारावे. ब्रह्मदेशात आपला देश खोताच्या जागी होता. त्याला ते कळले नाही. खोताला कळत नाहीच.

ब्रह्मी भाषेत पश्चिमेकडून आलेल्या परक्यासाठी, विशेषतः आपल्या लोकांसाठी, ‘कला’ हा शब्द आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी पंडितांचे वाद आहेत. आपल्या कानाला तो ‘काळा’ असा ऐकू येतो. पूर्वी तो नुसता ‘परका’ या अर्थी होता, पुढे पुढे तो शिवीच्या जवळ गेला. याउलट चिनी माणसाशी असलेल्या नात्यासाठी ब्रह्मी लोक ‘पाउकफॉ’ म्हणतात, म्हणजे एका कुशीतले भावंड. त्यातही राजकारण आहेच. १९६७ साली याच भावंडांविरुद्ध रंगूनमध्ये दंगे पेटले होते. पण एकासाठी भाषेत भावंडाचा शब्द असावा आणि दुसऱ्यासाठी परक्याचा, हे आपण ऐकून घेतले पाहिजे.

“पण बुद्ध तर आमचाच ना?” असे आपल्याकडे लगेच म्हणतात. भाषणांत तर हे वाक्य ठरलेलेच असते. बुद्ध येथे जन्मला, येथे ज्ञानी झाला, म्हणून बौद्ध देश आपले ऋणी! या ऋणाचा जमाखर्च ब्रह्मी लोक वेगळ्या रीतीने मांडतात. बुद्धगयेचे देऊळ गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मोडकळीस आले होते. १८७०च्या दशकात थिबाचा बाप मिंडोन राजा याने ते दुरुस्त करण्यासाठी मंडालेहून माणसे आणि पैसा पाठवला. म्हणजे आपण ज्याला आपली देणगी म्हणतो, ती आपल्याच अंगणात ढासळत होती आणि तिची डागडुजी करावयास देणेकरी आला होता.

हे सर्व पोटात घेऊनच १९३० आणि १९३८ सालचे हिंदी लोकांविरुद्धचे दंगे समजून घेतले पाहिजेत. दंग्यांत मेले ते बहुतेक गरीब हमाल आणि दुकानदार. त्यांचा गुन्हा काही नव्हता. १९४२ साली जपानी आले तेव्हा चार-पाच लाख हिंदी माणसे डोंगर-जंगल तुडवीत मणिपूर-आसामकडे पायी निघाली आणि हजारो वाटेत पडली. या दुःखाचे स्मारक आमच्या तरी पाहण्यात नाही.

असो. आता थोडे बऱ्या दिवसांकडे वळू. १९४७च्या जानेवारीत लंडनला वाटाघाटींस निघालेले आंग सान दिल्लीत उतरले. अंगावर थंडीचे पुरेसे कपडे नव्हते, तेव्हा पंडित नेहरूंनी त्यांना जाड ओव्हरकोट करवून दिला; त्या कोटातले त्यांचे लंडनचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच जुलैत त्यांचा खून झाला. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि वर्षभरात कारेन बंडखोर राजधानीच्या वेशीपर्यंत येऊन ठेपले. ऊ नू यांच्या सरकारला ‘रंगूनपुरते सरकार’ म्हणून लोक हिणवीत. त्या वेळी हिंदुस्थानाने शस्त्रे पाठवली. आपल्याकडेही निर्वासितांचे लोंढे चालू होते, काश्मीरची लढाई नुकती थांबली होती, तरी पाठवली. १९५१ साली मैत्रीचा तह झाला, पुढे पंचशील आले, १९५५ साली बांडुंग झाले. ऊ नू आणि नेहरू यांची मैत्री ही नुसती दोन पंतप्रधानांची नव्हती. अडचणीत आलेल्या माणसाकडे शेजारी मध्यरात्री कंदील घेऊन जातो, त्या जातीची ती होती. आम्हांला विचाराल तर उभय देशांच्या हिशेबात आपल्या जमेची सर्वांत मोठी रक्कम हीच आहे.

ती फार काळ टिकली नाही. मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, दुकाने-कारखाने सरकारजमा केले, आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राहिलेले लाखो हिंदी लोक रिकाम्या हातांनी मद्रास-कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरले. त्यांत चेट्टियारही होते आणि पानवालेही होते. दिल्लीने फारसा आवाज केला नाही. खोताचा राग कुळाने कोणावर काढावा, याला काही नियम नसतो.

१९८८ साली तेथल्या विद्यार्थ्यांनी, भिक्षूंनी लष्कराविरुद्ध उठाव केला. तेव्हा आपला देश उघडपणे लोकांच्या बाजूने उभा राहिला. आंग सान यांची कन्या आंग सान सू ची दिल्लीतच शिकलेल्या. आई दिल्लीत ब्रह्मदेशाच्या राजदूत होत्या. नेहरूंच्या नावाचा सन्मानही त्यांना मिळाला. पण त्याच सुमारास दिल्लीचे धोरण वळले. ईशान्येचे बंडखोर सीमेपलीकडे आसरा घेत होते, चीन तेथे रस्ते आणि बंदरे बांधीत होता. सेनापतींशी बोलल्यावाचून चालणार नाही असे ठरले. यात शहाणपण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. सीमा राखणाऱ्याला शेजारी निवडता येत नाही. परंतु शेजाऱ्याच्या घरात मुलगा बापाला कोंडून बसला असेल आणि आपण बांधाचा तंटा मिटवण्यासाठी मुलाशी गोड बोललो, तर खिडकीतून बाप पाहत असतो, हेही विसरू नये.

तसेच झाले. १४ नोव्हेंबर १९१२ नव्हे, २०१२ (शतकाची चूक होते कधी कधी, या विषयात तर फारच सहज), त्या दिवशी सू ची दिल्लीत नेहरू स्मृतिव्याख्यान देण्यास उभ्या राहिल्या आणि त्यांनी सौम्यपणे पण स्पष्ट सांगितले की, आमच्या अत्यंत कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दूर गेला याचे आपल्याला दुःख झाले. यजमानांच्या घरी बसून याहून अधिक कोणी काय बोलावे?

आणि पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०१२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष थेन सेन हे जुने सेनापती रत्नागिरीस आले. थिबाच्या थडग्यापुढे त्यांनी आदर वाहिला, हा वाडा पाहिला. आपल्याकडे रस्ते झाडले गेले, पताका लागल्या, आपल्याला धन्यता वाटली. दोन महिन्यांत दोन ब्रह्मी माणसे आपल्याकडे आली : एकीने तक्रार केली, एकाने नमस्कार केला. आपण नमस्काराची छायाचित्रे जपून ठेवली.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता हाती घेतली. सू ची पुन्हा कैदेत गेल्या. हजारो माणसे सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली. दिल्लीचे धोरण काय असावे हे दिल्लीत ठरत होते, तोवर मिझो लोकांनी नात्यागोत्याची माणसे म्हणून त्यांना चर्चमध्ये, शाळेत, स्वतःच्या पडवीत जागा दिली. २०२४ साली केंद्राने सीमेवरची मुक्त ये-जा बंद करून १,६४३ किलोमीटरच्या सरहद्दीवर कुंपण घालण्याचे जाहीर केले. आणि २८ मार्च २०२५ रोजी मोठा भूकंप होऊन मंडालेच कोसळले, तेव्हा आपल्या लष्कराचे डॉक्टर धावून गेले आणि त्यांनी मंडालेतच तंबूंचे इस्पितळ उभारले. १८८५ साली ज्या शहरात हिंदी शिपाई संगीन लावून शिरला, त्याच शहरात एकशेचाळीस वर्षांनी हिंदी शिपाई मलमपट्टीची पेटी घेऊन गेला.

आपल्याला कोणी विचारले की ब्रह्मी लोकांना आपण मित्र वाटतो का, तर होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर आमच्यापाशी नाही. कोणत्या ब्रह्मी माणसाला विचारता, यावर ते आहे. आयझॉलच्या पडवीत झोपलेल्या बाईचे उत्तर एक येईल, कुंपणावरून परत फिरवलेल्या माणसाचे दुसरे, मंडालेत ज्याचा पाय वाचला त्याचे तिसरे, आणि नेपिडोतल्या सेनापतीचे चौथे. आपण सहसा चौथ्यालाच विचारतो, कारण त्याचा पत्ता आपल्याला ठाऊक असतो.

आता थोडे थडग्यांविषयी सांगतो आणि आपली रजा घेतो. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८५८ साली रंगूनला गेला आणि १८६२ साली तेथेच मातीआड झाला. थिबा येथे आहे, त्याची धाकटी राणीही येथेच आहे. सुपयालत राणी मात्र १९१९ साली परत गेली. राजाचा देह बरोबर न्यावा ही तिची इच्छा इंग्रजांनी पुरी होऊ दिली नाही. मंडालेसही तिला जाऊ दिले नाही. १९२५ साली ती रंगूनमध्ये वारली आणि श्वेडगॉन पॅगोडाच्या पायथ्याशी तिची समाधी आहे. त्याच आवारात, तिच्या शेजारी, सू ची यांच्या आईची समाधी आहे : रत्नागिरीत तेहतीस वर्षे कैदेत काढलेली राणी, आणि दिल्लीत सात वर्षे राजदूत म्हणून मानाने राहिलेली बाई. रंगूनचा कोणी माणूस तेथे फुले वाहावयास जातो तेव्हा त्याच्या समोर आपल्या देशाच्या या दोन्ही आठवणी शेजारी शेजारी असतात.

आपल्यापैकी जे आज रात्री पुलावरून पलीकडे जातील, त्यांनी चढावर गेल्यावर क्षणभर वाड्याकडे पाहावे. खिडक्या खाडीच्या बाजूला आहेत.